ऊसतोडीत मेहनतीप्रमाणे दाम मिळतो का? आणि पोरांची शाळा नेमकी कुठे तुटते?

प्रश्न : धानोरकर

"जो जास्त राबेल तो जास्त कमवेल" असं ऊसतोडीबद्दल नेहमी ऐकायला मिळतं. मजुरी टनावर असते, म्हणजे जेवढा ऊस तोडाल तेवढे पैसे, असा त्यामागचा युक्तिवाद. याच्यापेक्षा सरळ हिशेब कुठला, असंही विचारलं जातं. पण हीच कुटुंबं वर्षानुवर्षं बीड, पाथर्डी, जामखेड, गंगाखेड या भागातून उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) घेऊन निघतात आणि पोरंही शेवटी फडातच (तोडणीच्या उसाच्या शेतात) उतरतात. इथे हंगामाचे, मुकादमीचे आणि शाळेचे व्यवहार जवळून माहीत असलेले लोक आहेत, म्हणून दोन गोष्टी विचारतो.

एक, एका कोयत्याचा पूर्ण हंगामाचा हिशेब कोणी आकड्यांत मांडून दाखवेल का? मेहनत आणि पैसा यांची गाठ कुठे सुटते?

दोन, "पालक पोरांना शाळेत घालत नाहीत" असं सरसकट म्हणतात. प्रत्यक्षात शाळा कोणत्या टप्प्यावर तुटते आणि ती टिकवायला कोणते कागद कधी करावे लागतात?

---

उत्तर १ : काटापावती

आधी शब्द स्पष्ट करतो, कारण बाहेरच्या माणसाचा घोळ इथेच होतो. "कोयता" म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. दर टनाचा, उचल कोयत्याची. म्हणजे पुढे जो आकडा येईल तो सगळा दोन माणसांत वाटायचा.

जानेवारी २०२४ मध्ये करार झाला. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, ती २०२३-२४ पासून तीन हंगामांसाठी. आधीचा दर टनाला २७३ रुपयांच्या आसपास होता, तो ३६६च्या आसपास गेला. मुकादमाचं (टोळी जमवून नेणाऱ्याचं) कमिशन १९ वरून २० टक्के झालं. हे कमिशन मजुरीच्या वर कारखान्याने द्यायचं असतं, मजुराच्या ३६६ मधून कापायचं नसतं. जिथे कापलं जातं तिथे तो गैरव्यवहार आहे.

आता दिवसाचा हिशेब. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. पावणेदोन टन धरू. १.७५ × ३६६ = ६४०.५० रुपये. माणशी ३२०. फडात पहाटे पाचला उतरायचं, मोळ्या बांधून ठेवायच्या आणि मग गाडी येईल तेव्हा भरायची, ती रात्री दहाला आली तरी. बारा-साडेबारा तास सहज होतात. म्हणजे तासाला २५-२६ रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता, तोही सात-आठ तासांच्या कामासाठी. राज्यातल्या सगळ्यांत जड हातकामांपैकी एक असलेलं हे काम तासाच्या हिशेबाने रोजगार हमीच्याही खाली जातं.

आता या पावणेदोन टनात नेमकं काय असतं ते बघा. प्रत्येक ऊस वाकून जमिनीलगत तोडायचा, कारण बुडख्यात साखर जास्त असते आणि वर तोडला तर कारखान्याचा चिटबॉय (फडावर देखरेख करणारा माणूस) ओरडतो. मग वाढं (उसाचा हिरवा शेंडा) छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची. मोळी ३०-३५ किलोची धरली तर दिवसाला पन्नासेक मोळ्या होतात. त्या डोक्यावर घेऊन, ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून तोल सावरत वर चढवायच्या. मोळ्या वाहण्याचं बरंचसं काम बाईच्या डोक्यावर येतं. तिचं नाव मात्र बहुतेक वह्यांत नसतं. वहीत नाव नवऱ्याचं आणि पुढे "१ कोयता".

आता हंगाम. एक लाख उचल घेतली असं धरू. ती फेडायला १,००,००० ÷ ३६६ = २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला पावणेदोन टनाने १५६ दिवस. २०२४-२५चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि बऱ्याच कारखान्यांचा पट्टा मार्चच्या सुरुवातीआधीच पडला, म्हणजे गाळप संपलं. भर कामाचे शंभर दिवस मिळाले असं धरलं तर १७५ टन, म्हणजे ६४,०५० रुपये. बाकी राहिले ३५,९५०. त्यात पंधरवड्याला खाण्यापिण्यासाठी मिळणारी आणि देण्यात धरली जाणारी खर्ची धरा. दीड हजार जरी म्हटली तरी सात पंधरवड्यांची १०,५०० होते. बाकी ४६,४५०. शंभर दिवस राबून गावी येताना निम्म्या उचलीएवढं देणं अंगावर असतं आणि पुढच्या हंगामाची उचल या बाकीवर चढते. उचल आणि खर्चीचे आकडे टोळीगणिक बदलतात, पण गणित असंच चालतं.

"जास्त राबेल तो जास्त कमवेल" हे कुठे खोटं पडतं ते यातून दिसतं. कोयता किती चालवायचा हे मजुराच्या हातात आहे. हंगाम किती दिवस चालेल, फड कुठला मिळेल, गाडी कधी येईल, हे त्याच्या हातात नाही. वाऱ्याने पडलेला, एकमेकांत गुंतलेला ऊस तोडायला उभ्या उसाच्या जवळपास दुप्पट वेळ जातो, दर तोच. खोडव्याचा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला) बारीक ऊस टनाला जास्त कांड्या मागतो, दर तोच. पाऊस पडून फडात गाडी जाईना, तर मोळ्या बांधापर्यंत वाहायच्या. त्या वाहण्याचा वेगळा पैसा क्वचितच मिळतो. गाडी कारखान्याच्या नंबरात (रांगेत) दोन दिवस अडकली तर टोळी कोपीवर, म्हणजे आपल्या झोपड्यांवर, बसून राहते. बसल्याचे शून्य रुपये.

---

उत्तर २ : शिरोळ_बागायत

वरचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा राहिलाय. टोळीला वाढ्याचे पैसे मिळतात. उसाचे शेंडे बांधून जनावरवाल्यांना विकतात, रोजचं तेल-मीठ त्यातून निघतं. शिवाय शेतकऱ्याकडून खुशाली घेतात. एकराला काही हजार मागितल्याशिवाय बऱ्याच टोळ्या फडात उतरत नाहीत, ड्रायव्हर गाडीमागे मागतो ती एन्ट्री वेगळी. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना आधीच आमच्या एफआरपीतून (उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरातून) कापून घेतो, मग खुशाली कशासाठी? साखर आयुक्तालयाने असे जादा पैसे घेऊ नयेत म्हणून परिपत्रकं काढली आहेत, कारखान्याच्या शेती विभागाकडे तक्रार करता येते. ऊस वाळत असताना तक्रार करत बसायला कोणाला वेळ असतो, हा भाग वेगळा.

दर कमी आहे हे मान्य. पण त्याचा भार दरवेळी शेतकऱ्यावर येतो.

---

उत्तर ३ : काटापावती

खुशालीचा राग समजतो. पण ती रक्कम कोणाकडे जाते ते बघा. बऱ्याचदा मुकादम घेतो आणि टोळीत वाटतो, किंवा वाटत नाही. दहा-बारा कोयत्यांत वाटली तरी माणशी हातात येणारी रक्कम थोडी असते. वाढ्याचंही तेच. गाडी सेंटरवर (बैलगाडीच्या टोळीत) आपले बैल असतात, त्यांनाच वाढं लागतं. डोकी सेंटर (बैलगाडी नसलेली, मोळ्या डोक्यावर वाहणारी टोळी) आणि ट्रॅक्टर टोळीला विकायला मिळतं, पण काही गावांत निम्मं वाढं शेतकरी स्वतःच्या जनावरांना ठेवून घेतो. ही जोडकमाई आहे, दराची भरपाई नव्हे.

मूळ अडचण कराराच्या रचनेत आहे. कारखाना करार करतो वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदार मुकादमाशी, मुकादम मजुराशी, आणि हा शेवटचा करार बहुतेक तोंडी. कारखान्याच्या कागदावर मजुराचं नावच नसल्याने भविष्य निर्वाह निधी नाही, बोनस नाही, अपघात झाला तर मालक कोण याचाच वाद. आणि दाम ठरतो तो उचल घेताना, जुलै-ऑगस्टमध्ये, घरात दाणा नसताना. त्या वेळी भाव करण्याची ताकद मजुराकडे नसते. एखादा दिवस आजारपणात गेला तर वर "खाडा" लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, पण दंडही बसतो. पाळीच्या चार दिवसांतही बायका मोळ्या वाहतात त्याचं कारण हा खाडा. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, त्याच्याही मुळाशी हे गणित होतं.

जे गावपातळीवर काम करतात त्यांनी एवढं करून घ्यावं. उचलीची रक्कम, तारीख, मागची बाकी आणि दर हे चार आकडे दोन सारख्या वह्यांत लिहायचे, दोन्हीवर मुकादमाची सही घ्यायची. एक वही बाईकडे ठेवायची. रोज गाडी भरली की मोळ्या मोजून लिहायच्या आणि काटापावतीचा (कारखान्यातल्या वजनाच्या पावतीचा) फोटो ड्रायव्हरकडून फोनवर मागवायचा. दहा-बारा गाड्यांनंतर मोळीमागे सरासरी किती किलो बसतं ते कळतं. मग एखाद्या दिवशी तेवढ्याच मोळ्यांना वजन दीड-दोन टन कमी आलं तर विचारायला आधार असतो. आधार नसेल तर काटा मारला, म्हणजे वजनात फसवलं, असं कितीही म्हटलं तरी कोणी ऐकत नाही. पट्टा पडल्यावर हिशेब टोळीसमोर करायचा, गावी जाऊन नव्हे. गावी गेल्यावर वह्या सापडत नाहीत.

आणि उचल फिटली नाही म्हणून माणसाला, बाईला किंवा पोराला अडकवून ठेवलं, तर तो १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखालचा गुन्हा आहे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची. "पैसे घेतलेत, तर जाता येणार नाही" हे वाक्य कायद्यात बसत नाही.

---

उत्तर ४ : दुसरेसत्र

शाळेबद्दल लिहितो.

पालक पोरांना शाळेत घालत नाहीत, हे चुकीचं आहे. जूनमध्ये पटावर नाव असतं, मूल शाळेत बसलेलं असतं. तुटतं ते दिवाळीत. पहिलं सत्र संपतं, सुट्टी लागते, त्याच सुट्टीत टोळ्या निघतात. दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा मूल कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर बेळगाव-बागलकोटच्या एखाद्या फडाशेजारी कोपीत असतं. एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा संकलित मूल्यमापन (सत्राअखेरची परीक्षा) तोंडावर असतं किंवा झालेलं असतं. पहिली ते पाचवी धरली तर पाच पहिली सत्रं झाली आणि पाच दुसरी सत्रं गेली. म्हणून सहावीत असं मूल दिसतं, ज्याला बाराच्या पाढ्यापर्यंत तोंडपाठ असतं पण तीन अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागायला दिलं तर पाटी कोरी राहते. ते मठ्ठ नसतं. त्या पानांच्या वेळी ते वर्गात नव्हतं.

कोपीवर मूल रिकामं नसतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, आई रात्री गाडी भरायला गेली तर भाकरी करते. बारा-तेराचा मुलगा वाढं गोळा करतो, बैलांकडे बघतो. चौदा-पंधराला त्याच्या हातात कोयता येतो. आणि जोडीला एक पूर्ण कोयता धरून उचल मिळते म्हणून लग्नंही लवकर लागतात.

पर्याय दोन. मूल गावी ठेवायचं किंवा जिथे गेलं तिथल्या शाळेत घालायचं.

गावी ठेवायचं तर हंगामी वसतिगृह. ते समग्र शिक्षाच्या निधीतून शाळा व्यवस्थापन समिती चालवते. जेवण, संध्याकाळचा अभ्यास आणि राहण्याची सोय. बऱ्याच गावांत मूल झोपायला आजी-आजोबांकडे जातं आणि दोन वेळ जेवायला केंद्रावर येतं. यात सर्वांत मोठा बिघाड वेळेचा. समितीचा ठराव, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, जिल्ह्याची मंजुरी, एवढं सगळं होईपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. तोवर आईबाप निघून गेलेले असतात आणि "जेवणाची सोय होईल का" याचं उत्तर न मिळाल्याने पोरं बरोबर नेलेली असतात. ऑगस्टमध्ये उचलीचं वाटप सुरू झालं की यादी करायला घ्यायची आणि सप्टेंबरच्या बैठकीत ठराव करायचा. यादीत कुटुंबप्रमुख, मुकादमाचं नाव, जाण्याचं ठिकाण, मागे कोण राहणार आणि त्यांचा फोन एवढं हवं. मागे राहणारी आजी सत्तरीची, डोळ्यांनी अधू असेल तर तसं लिहायचं. अशा मुलाला फक्त जेवण देऊन भागत नाही.

मुलींच्या बाबतीत आईची भीती जेवणाची नसते. रात्री ती कोणाजवळ झोपणार, ही असते. मुक्कामाला गावातली ओळखीची बाई आहे हे आईला प्रत्यक्ष दाखवलं, तर मुली मागे राहतात. नुसतं "सोय आहे" सांगून राहत नाहीत.

मूल बरोबर गेलंच तर शिक्षण हमी कार्ड. गावच्या शाळेने ते निघण्याआधी भरून द्यायचं. मुलाची इयत्ता, वाचन-गणिताची पातळी आणि शाळेचा संपर्क त्यात येतो. गावच्या पटावरचं नाव कमी करायचं नाही. तिकडच्या शाळेत कार्ड दाखवून बसवायचं, हजेरी तिथली, परतताना त्याच कार्डावर नोंद. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये यासाठी पुरेशी कलमं आहेत. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. प्रवेश नाकारणाऱ्या मुख्याध्यापकांशी वाद घालण्यापेक्षा ही तीन कलमं अर्जात लिहून तो केंद्रप्रमुखांकडे द्यावा, काम लवकर होतं.

तरीही कार्ड निम्म्या वेळा कोपीच्या पत्र्याच्या पेटीतच राहतं. शाळा दोन-तीन किलोमीटरवर असते, टोळी पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावच्या फडात जाते, आणि सीमेपलीकडे शाळा कन्नड माध्यमाची असते. पूर्वी कारखान्यांच्या आवारात या मुलांसाठी साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या बंद होत गेल्या, कारण नियमित शाळेच्या निकषांत त्या बसत नव्हत्या. मुलाला नियमित शाळाच हवी, हे तत्त्व योग्य होतं. पण साखरशाळा कोपीपासून हाकेच्या अंतरावर होती आणि नियमित शाळा तशी नाही, या अंतराची सोय कोणी केली नाही. वाहतूक भत्ता किंवा गाडी मागायची ती इथे.

---

उत्तर ५ : माजलगाव_वाचनालय

वरच्या उत्तरात एक भर घालतो. गरीब मुलांना पुढे नेणाऱ्या परीक्षा त्याच महिन्यांत येतात ज्या महिन्यांत ही मुलं फडात असतात. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण परिणाम तोच होतो.

आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. ऊसतोडीच्या कुटुंबासाठीच केली आहे असं वाटावं. पण अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरले जातात आणि परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये असते. नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा डिसेंबर-जानेवारीत. शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत. दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. एकही हंगामाबाहेर नाही.

म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि मुलाच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं, एवढं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकायचं. वडील निघून गेल्यावर उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जावर सही कोणाची, ओटीपी कोणाच्या फोनवर, इथे काम अडतं. आधारला जोडलेला फोन वडिलांच्या खिशात दोनशे-अडीचशे किलोमीटर दूर आणि कोपीत चार्जिंग नाही. फोन नंबर मागे राहणाऱ्या माणसाचा जोडून घ्यायचा, ही साधी गोष्ट फार अर्ज वाचवते. आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का तेही तेव्हाच बघायचं. "गणेश" आणि "गणेश्वर" एवढ्या फरकाने पैसे अडकतात.

जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेची जुनी नोंद लागते. ती शोधायला वेळ जातो, म्हणून मूल सातवी-आठवीत असतानाच सुरुवात करावी. बारावीनंतर जात वैधता प्रमाणपत्र मागतात तेव्हा धावपळ करून उपयोग होत नाही. मुलींसाठी जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फी माफ झाली तरी खोली आणि मेस राहतेच. त्यासाठी अनुसूचित जातींना स्वाधार, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

पाचवीच्या पुढे संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना मंजुरी मिळाली, प्रत्येकी १०० मुलांची. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनाला १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे असं ठरलं. प्रवेशासाठी पालकाचं ऊसतोड कामगार ओळखपत्र लागतं, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) नोंदणी करून मिळतं. ओळखपत्र आईच्या नावानेही काढा. नुसतं वडिलांचं असेल आणि ते वारले किंवा सोडून गेले, तर मुलाचा हक्क कागदावर अडतो.

---

धानोरकर

खूप उपयोगी माहिती. एक शंका. एनएमएमएसची तयारी करणाऱ्या आठवीच्या मुलाला सरळ शासकीय वसतिगृहात घातलं तर दोन्ही लाभ मिळतील का?

---

माजलगाव_वाचनालय

नाही, आणि हे आधी ठरवायला हवं. शासकीय वसतिगृहात राहण्या-जेवण्याचा आणि शिक्षणाचा लाभ घेणारा विद्यार्थी एनएमएमएसला अपात्र ठरतो. नवोदय आणि सैनिकी शाळेतली मुलंही अपात्र. म्हणून मागे सांभाळणारं माणूस खरंच नसेल तर वसतिगृह घ्या, वर्षाच्या १२,००० पेक्षा रोजचं जेवण आणि अंगावरचं छप्पर मोठं आहे. आजी किंवा मामा खंबीर असेल तर मूल गावच्या अनुदानित किंवा जिल्हा परिषद शाळेत ठेवून परीक्षेला बसवा. दोन्ही पेपर ९०-९० गुणांचे आणि दीड-दीड तासाचे असतात. दोन्ही मिळून ४० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ३२. बुद्धिमत्तेचा पेपर सरावाने सुटतो, रोज वीस प्रश्न घड्याळ लावून सोडवून घ्या. शालेय विषयांच्या पेपरात सातवीचा भागही येतो आणि सातवीचं दुसरं सत्र या मुलांचं बहुतेक गेलेलं असतं. जून-जुलैमध्ये सातवीच्या गणित-विज्ञानाच्या मागच्या निम्म्या पुस्तकापासून सुरुवात करा, आठवीचं नंतर.